जेवणाऱ्याचं नाव

आमच्या घरात जेवायला बसलेल्या माणसाला नाव विचारायचं नाही, असा नियम आहे. पाणी द्यायचं, ताट वाढायचं, भात हवा का ते विचारायचं, कालवणात मीठ बरोबर पडलंय का तेही विचारायचं. नाव मात्र विचारायचं नाही. त्याने आपणहून सांगितलं तर ऐकून घ्यायचं आणि शक्य तितक्या लवकर विसरायचं. हा नियम माझ्या वडिलांचा. आणि नेमकी अशा घरात देवाने माझ्यासारखी संशयी बाई जन्माला घातली.

मी संशयी आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी मला पकडायला नको. जन्मभर शाळेत गणित शिकवलं. परीक्षेला ज्या वर्गावर माझी ड्यूटी लागायची, त्या वर्गातल्या मुलींचे चेहरे पेपर हातात पडायच्या आधीच उतरायचे. गॅसचा सिलिंडर आला की मी सील बघते, मासळी घेताना कल्ले उचलून बघते, आणि देवळात कोणी फारच भक्तिभावाने डोळे मिटून उभं असलं तर त्याच्याकडेही बघते. नवरा म्हणायचा, "तू तीर्थसुद्धा वास घेऊन पिशील." तो गेला आणि मी वडिलांकडे राहायला आले. जूचंद्राच्या पुढे, मिठागरांच्या अंगाला आमचं गाव. गाव म्हणायचं ते जुन्या सवयीने. आता चहूबाजूंनी टॉवर आहेत आणि मधे आमचं कौलारू घर, मागे आवार, आवारात एक लांबट खोली.

नियमाची गोष्ट बेचाळीसची. बाबांना तेव्हा मिसरूडही फुटलं नव्हतं. आजोबांबरोबर ते मिठागरावर मीठ ओढायला जायचे. मुंबईतून निसटलेले भूमिगत कार्यकर्ते मिठागरांवरच्या झोपड्यांत लपायला यायचे आणि त्यांना भाकरी नि निरोप पोचवायचं काम बाबांकडे होतं. नाव विचारायचं नाही, ही पहिली ताकीद. पोलिसांनी धरून झोडपलं तरी सांगता येण्यासारखं काही ठाऊकच नको. बाबा कधी पकडले गेले नाहीत. म्हणून ते तुरुंगात गेले नाहीत, म्हणून त्यांना ताम्रपट मिळाला नाही, आणि म्हणून गावातले काहीजण आजही विचारतात, हे खरंच स्वातंत्र्यसैनिक होते का? काम इतकं चोख केलं की पुरावाच उरला नाही. खरं सांगायचं तर लहानपणी मलाही शंका होती. मी त्यांना तोंडावर विचारलंही होतं. ते म्हणाले, "नसंल बी. तू अभ्यास कर."

स्वातंत्र्यानंतर नियम तोच राहिला, त्यामागचं कारण तेवढं बदललं. आपल्याकडे नाव विचारलं की मागोमाग आडनाव येतं, आडनाव आलं की जात येते, आणि आमच्या वसईत धर्मही येतो. बाबांनी आवारातल्या खोलीत मिठागर कामगारांसाठी रात्रीची शाळा काढली आणि शाळा सुटली की सगळ्यांना एका पंगतीला बसवायला सुरुवात केली. आगरी, कोळी, पाड्यांवरची माणसं, गावाने वेशीबाहेर ठेवलेली माणसं, पलीकडच्या ख्रिस्ती गावातले एक-दोन मास्तर. कोण कोणाच्या शेजारी बसलंय ते सगळ्यांना ठाऊक असायचंच, गावात काय लपतं? पण विचारायचीच बंदी म्हटल्यावर उठून जायला निमित्त मिळेना. गावाने आम्हाला वाळीत टाकलं. लग्नाचं आमंत्रण नाही, मयताला खांदेकरी नाहीत. आजी गेली तेव्हा पंगतीतलीच माणसं खांदा द्यायला आली. बाबांनी त्यांनाही नावं विचारली नाहीत.

पंधरा ऑगस्टला शाल नि नारळ घेऊन येणारे लोक हे सगळं भाषणात फार छान सांगतात. बाबांच्या खांद्यावर शाल टाकताना त्यांचं लक्ष मोबाइलवाल्याकडे असतं. मी बघत असते. त्या भाषणांत माझी आई कधी येत नाही. आई चुलीपुढे बसून म्हणायची, "जेवनार कोन, किती, तेच ठावं नाय, मंग भाकऱ्या थापाच्या किती?" बाबांच्या अख्ख्या समाजसुधारणेत या प्रश्नाचं उत्तर कोणी दिलं नाही. आई अंदाजाने थापायची, आणि कमी पडली तर तिची स्वतःची कमी पडायची. याचा मला अजूनही राग येतो.

बाबा आता शंभरीला टेकलेत. काही दिवस डोकं लख्ख असतं, काही दिवस ते मला आई समजतात आणि मीठ झाकून ठेवलं का म्हणून विचारतात. पण एक सवय सुटलेली नाही. घरच्यांबरोबर जेवणं म्हणजे त्यांच्या लेखी एकटं जेवणं. दुपारी ताटावर बाहेरचं कोणीतरी हवं, नाहीतर घास उतरत नाही. पूर्वी याची अडचण नव्हती. आता कुरियरवाल्याला ओसरीवरून "बस, जेवून जा" म्हटलं की तो पार्सल टेकवून पळतो. मीटर बघायला आलेल्या माणसाने तर हात जोडले. लोकांना आमचा संशय यायचा, आणि मनातल्या मनात मला त्याचं बरं वाटायचं. जगात मी एकटी नाही म्हणून. बाबा मात्र अर्ध्या भाकरीवर उठायचे आणि दिवसेंदिवस वाळत चालले होते.

मग तो माणूस यायला लागला.

पासष्टीचा असेल. शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली, केस पाणी लावून बसवलेले, बोलण्यात घाटावरचा हेल. पहिल्या दिवशी दवाखान्याचा पत्ता विचारायला थांबला. बाबा म्हणाले, "आधी जेव, मंग पत्ता." आणि तो खरंच चपला काढून आत आला. जेवला, ताट उचलून मोरीत नेऊन ठेवलं, पत्ता न विचारताच गेला. दुसऱ्या दिवशी भर बारा वाजता पुन्हा हजर. तिसऱ्या दिवशी येताना केळी घेऊन आला. तेव्हापासून रोज.

बाबा दोन-दोन भाकऱ्या खायला लागले. त्यांच्या गालांवर जरा मांस आलं. आणि माझी झोप उडाली. आजच्या काळात कोण कशाला रोज दुपारी परक्या घरी जेवायला येईल? फुकट जेवण हवं असेल तर केळी कशाला आणेल? कुठेतरी पाणी मुरत होतं. मी वाढता वाढता त्याचे हात बघायची, त्याची नजर आवाराकडे जाते का ते बघायची. जायची. पण आमच्या घरात ओसरीवर बसल्यावर दुसरीकडे बघायला आहे काय?

आवारावर डोळा ठेवणारा एक बिल्डर होताच. दोन्ही बाजूंच्या जमिनी त्याने घेतल्या होत्या आणि मधे आमचं घर घशात काट्यासारखं अडकलं होतं. बाबा विकायला तयार नव्हते. आवारातल्या खोलीत आता चाळींतल्या मुली अभ्यासाला येऊन बसतात. एका खोलीत पाच माणसं आणि चालू टीव्ही, अशा घरांतून त्या येतात. बाबांचं एकच म्हणणं: मी असेतो नाही आणि मी गेल्यावरही नाही. जमीन त्यांच्या नावावर. पण ज्या दिवशी ते मला आई समजतात, त्या दिवशी कोणी शाईचा पॅड पुढे धरला तर ते अंगठा देतील हे मला ठाऊक होतं. एक अंगठा उठला की मुलींची खोली गेली, आमचं छप्पर गेलं, आणि बाबांनी जन्मभर जे केलं त्यावर पार्किंग.

आणि बिल्डरचा माणूस नेमका मी घरात नसताना यायला लागला. मी बँकेत गेले की हा हजर. मी दातांच्या डॉक्टरकडे गेले की हा हजर. एकदा मी परत येते तो बाबांच्या मांडीवर कागद, आणि बाबा त्याला विचारताहेत, "भात खानार का भाकरी?" त्या प्रश्नाने त्या दिवशी आम्हाला वाचवलं. दरवाजातून मी दिसले तसा तो "येतो, ताई" म्हणून सटकला. म्हणजे माझ्या येण्याजाण्याची खबर कोणीतरी देत होतं.

मी भावाला फोन केला. धाकटा भाऊ विरारला चंदनसारला फ्लॅटमध्ये राहतो, मुंबईत नोकरी करतो, आणि रोज संध्याकाळी न चुकता फोन करतो. तो म्हणाला, "ताई, तो जेवायला येतो ना, त्याच्यावर लक्ष ठेव. आजकाल लोक काय काय फंडे करतात. बाबांचं सोड, त्यांना सगळे साधूच वाटतात. तू तरी हुशार आहेस." मला हे पटलं. आपल्याला हुशार म्हणणारा माणूस चटकन पटतो.

दुसऱ्या दिवशी बाबांचं डोकं स्वच्छ होतं. मी त्यांच्याजवळ बसून सगळं सांगितलं आणि म्हटलं, "उद्यापासून त्या माणसाला आत घेणार नाही."

"का?"

"तोच खबर देतोय."

"पक्कं म्हाईत हाय?"

"पक्कं नाही. पण दुसरं कोण असणार?"

बाबांची नजर मिठागरांच्या दिशेला लागली. मला वाटलं गेले परत धुक्यात. पण ते बेचाळीसमधे गेले होते. त्या साली मिठागरावरही कोणीतरी खबर देत होतं. रात्री भूमिगत लोक ज्या झोपडीत झोपायचे तिथे पहाटे पोलीस. संशय तीन-चार जणांवर होता. जाणत्यांनी काय केलं, तर प्रत्येकाला वेगळी झोपडी सांगितली. सगळ्या खोट्या. मग बांधाआड बसून बघितलं, पोलीस कुठल्या झोपडीवर जातात.

"तसं कर," बाबा म्हणाले. "पन सगल्यांना सांग. तुझ्या भावालापन."

"त्याला कशाला?"

"संशय घ्याचा तं सगल्यांचा घ्याचा. येकट्याचाच घेतला तं त्याला संशय नाय म्हनत, डूख म्हनतात."

मी विचारलं, तुम्हाला सापडला त्याचं पुढे काय केलंत? बाबांनी खांदे उडवले. "काय कराचं? जेवाला यायचा, वाढायचो. त्याच्यापुढं गप्पा फक्त मासलीच्या."

मग मी तीन खोट्या बातम्या तयार केल्या. गणिताच्या बाईला हे अवघड नव्हतं. बाबांना आंघोळ घालायला तुळिंजवरून एक बाई येतात. त्यांना सांगितलं, मंगळवारी मी दिवसभर नाही, डोळे तपासायला वसईला जाणार. जेवायला येणाऱ्या माणसाला वाढता वाढता सांगितलं, बुधवारी मी नाही, अर्नाळ्याला मैत्रिणीकडे जाणार, तुमचं जेवण झाकून ठेवीन. आणि भावाला फोनवर सांगितलं, गुरुवारी पालघरला सरकारी कचेरीत काम आहे, संध्याकाळ होईल. भावाला सांगताना मला हसू येत होतं. बाबांचा शब्द राखायचा म्हणून सांगितलं, एवढंच. पालघर असं मी दुसऱ्या कोणाकडेही बोलले नाही.

तिन्ही दिवस सकाळी पर्स घेऊन, साडी नेसून मी पुढच्या दाराने बाहेर पडले, टॉवरच्या मागून वळसा घातला आणि आवारातल्या खोलीत येऊन बसले. मुलींना सांगितलं, मी पेपर तपासतेय, कोणी बोलायचं नाही. खोलीच्या खिडकीतून ओसरी दिसते आणि ओसरीवरचं बोलणंही ऐकू येतं.

मंगळवारी कोणी आलं नाही. बाईंनी बाबांना आंघोळ घातली, पावडर लावली, आणि ओसरीवर बसून त्यांच्याशी आपल्या सुनेच्या कागाळ्या केल्या. त्या सुटल्या. मला त्यांच्याबद्दल तसाही फारसा संशय नव्हता. खबर द्यायला गुपित पोटात ठेवावं लागतं, ते त्यांना जमलं नसतं.

बुधवारी मी खिडकीशी डोळ्यांत तेल घालून बसले. बारा वाजता तो आला. इकडेतिकडे बघितलं. मनात म्हटलं, आता सापडलास. त्याने आत जाऊन दोन ताटं वाढून आणली, बाबांपुढे एक ठेवलं, बाबांच्या भाकरीचे बारीक तुकडे केले, माशाचे काटे काढून दिले. मग स्वतः जेवायला बसला आणि बोलायला लागला. माझ्यासमोर हा माणूस "पुरे" आणि "बरंय" याच्यापलीकडे बोलत नसे.

"सून, मुलगा सकाळी सातलाच निघतात," तो सांगत होता. "नातू पाळणाघरात. बायको होती तोवर दोघं होतो. ती गेली, तसं दुपारी भिंतीकडं तोंड करून जेवायचं. पहिल्या दिवशी इथं पत्ता विचारला ना मी, मला दवाखाना ठाऊक होता. ओसरीवर माणूस दिसला, म्हणून थांबलो."

बाबा म्हणाले, "काटा बघ, गिळशील."

बिल्डरचा माणूस आला नाही. चार वाजेपर्यंत बसले तरी आला नाही. आणि मला काय वाटलं असेल? वाईट वाटलं, असं लिहायला बरं दिसेल. मला वाटलं, हा पक्का बेरकी आहे. याला माझा वास लागला आणि मी खिडकीत आहे हे ठाऊक असून याने हे सगळं नाटक केलं. संशयाचं असंच असतं. पुरावा मिळाला नाही की तो आणखी पोसतो.

गुरुवारी मी जाणारच नव्हते. भाऊ तो भाऊ. त्याला मी कडेवर घेऊन मिठागराच्या बांधावर फिरवलंय. पण साडी नेसून झाली होती, आणि अर्धवट सोडवलेलं गणित मला कधी बघवलं नाही. मी खोलीत जाऊन बसले. मुली कुजबुजत होत्या, मी त्यांना दटावलं.

अकराच्या सुमाराला बुलेटचा आवाज आला.

बिल्डरचा माणूस ओसरी चढला. बरोबर आणखी एकजण, हातात बॅग. "नमस्कार आजोबा! ओळखलंत ना? आज काय टेन्शन नाही, फक्त एक अंगठा. पुढचं सगळं आम्ही बघतो." बॅगेतून कागद निघाले, शाईचा पॅड निघाला. बाबा म्हणाले, "आधी जेवन." तो म्हणाला, "जेवण नंतर, आजोबा, पार्टी देतो तुम्हाला, आधी अंगठा." आणि त्याने बाबांचा हात धरला. बाबांचा हात एवढासा आहे आता, त्याच्या मुठीत दिसेनासा झाला.

मी आवार कसं ओलांडलं मला आठवत नाही. मी ओसरीवर उभी होते आणि माझ्यामागे खोलीतल्या सगळ्या मुली येऊन उभ्या होत्या, हातात पेनं घेऊन.

"हात सोड त्यांचा," मी म्हटलं.

त्याने सोडला. तो घाबरला नव्हता, चक्रावला होता. एखाद्याला चुकीचं वेळापत्रक मिळावं तसा त्याचा चेहरा झाला होता. आणि तो सरळ मनातलं बोलून गेला, "ताई, तुम्ही तर पालघरला जाणार होतात ना आज?"

मी ओसरीचा खांब धरून उभी राहिले. त्याला वाटलं असावं मी पोलिसांना बोलावणार. त्याने कागद गोळा केले आणि दोघे निघून गेले. पॅड ओसरीवरच राहिला. मुलींना मी परत अभ्यासाला पाठवलं.

बारा वाजता तो माणूस आला. मी त्याला वाढलं. बुधवारी अर्नाळ्याला कशी काय मजा आली, असं त्याने विचारलं, मी म्हटलं, छान. माफी वगैरे मागितली नाही. कशाची मागायची, त्याला काही ठाऊकच नव्हतं. फक्त भात वाढताना माझ्या हातून जरा जास्तच पडला, आणि तो "पुरे, पुरे" म्हणत राहिला. ताट मोरीत ठेवून तो गेला.

मी बसून विचार करत होते. बिल्डरकडून दोन फ्लॅट मिळतील म्हणून भावाने केलं असेल. मुलगा मोठा झालाय, जागा पुरत नाही, कर्जाचा हप्ता आहे. त्याची प्रत्येक अडचण मला तोंडपाठ आहे, कारण मीच त्याचं सगळं ऐकून घेत आलेय. तो रोज संध्याकाळी फोन करतो. आज कधी जाणार, उद्या कुठे जाणार, सगळं विचारतो. मला वाटायचं, किती काळजी घेतो. सगळ्या जगावर संशय घेताना एक माणूस मी बाजूला काढून ठेवला होता, की कोणावर तरी विश्वास असावा.

संध्याकाळ झाली. फोन वाजला नाही.

बाबा ओसरीवर खुर्चीत होते. डोकं स्वच्छ होतं की नव्हतं, मला कळेना. सकाळचा प्रकार त्यांना आठवत असेल असं मला वाटलं नव्हतं. मी देवापुढे दिवा लावून बाहेर आले तर ते माझ्याकडेच बघत होते.

"कलला का?" त्यांनी विचारलं. "कोन व्हता?"

तीन नावं माझ्याकडे होती. त्यातलं कुठलंही घेतलं असतं तरी ते मानून गेले असते. तुळिंजच्या बाईंचं नाव घ्यावं, असं एक क्षण मनात आलंदेखील. जेवायला येणाऱ्याचं तर नावच ठाऊक नव्हतं.

"कोणी नाही, बाबा," मी म्हटलं. "उगाच माझ्या मनाचे खेळ."

बाबा रस्त्याकडे बघत राहिले. समोरच्या टॉवरमधे दिवे लागत होते.

"म्हंजे घरातलाच," ते म्हणाले.

त्यापुढे त्यांनी काही विचारलं नाही. त्यांना मुलगा एकच आहे.